मूळ गाव : लागू नाही

आमच्या तालुक्याला इंटरनॅशनल शाळांची कमतरता कधीच नव्हती. एक बायपासला आहे, दुसरी साखर कारखान्याच्या रस्त्याला, आणि तिसरीचं बांधकाम दोन निवडणुकांपासून रखडलंय. तिन्हींच्या कमानीवर पृथ्वीचा गोल बसवलाय. मुलं पिवळ्या बसमधून येतात आणि त्यांचा आंतरराष्ट्रीयपणा शेजारच्या तालुक्याच्या टोलनाक्यापाशी संपतो. त्यामुळे बँकॉकच्या इंटरनॅशनल शाळेत गणित शिकवायला जातेय असं मी घरी सांगितलं, तेव्हा मामांचा पहिला प्रश्न होता, "अगं, मग बायपासची काय वाईट आहे? दुपारी घरी जेवायला येता येईल."

मामा निदान शाळेबद्दल बोलले. बाकीचे 'थायलंड' या शब्दापाशीच थांबले. "थायलंडला? शिकवायला?" यातल्या दुसऱ्या प्रश्नचिन्हावर असा काही भार पडायचा की ऐकणाऱ्याने लाजावं. आमच्याकडे थायलंडला पुरुष जातात, गटाने जातात, आणि परत आल्यावर फक्त हत्तीचे फोटो दाखवतात. एखादी बी.एड. झालेली बाई नवऱ्याला बरोबर घेऊन तिकडे अपूर्णांक शिकवायला निघालीय, हे कुणाच्याच कल्पनेत बसेना. आमच्या ह्यांचं मात्र मित्रमंडळीत वजन वाढलं. एकाने तर खांद्यावर हात ठेवून, "वहिनी शाळेत गेल्यावर तू मोकळाच की," असं म्हणून घेतलं.

अस्सल इंटरनॅशनल शाळा निघाली ती 1924 साली, जिनिव्हात. राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांची मुलं बापाच्या बदलीबरोबर गावोगाव फिरत होती, त्यांची सोय म्हणून. आपल्याकडे फौजदाराच्या पोरांची जी अवस्था, तीच त्यांची. फक्त बदली साताऱ्याहून सोलापूरला होण्याऐवजी जिनिव्हाहून कुठल्या कुठे व्हायची. 1968 मध्ये तिथेच आयबी नावाचा अभ्यासक्रम जन्माला आला, म्हणजे पोरगं कुठल्याही देशात उतरलं तरी पुस्तक तेच. बँकॉकमधली पहिली अशी शाळा 1951 ची. पुढे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने थाई मुलांवरचे निर्बंध सैल केले आणि मग अशा शाळांचं तिथे पीकच आलं. त्या पिकाला मजूर लागतात. ते आम्ही.

ही भरती पूर्वी मोठमोठ्या हॉटेलांत भरणाऱ्या मेळाव्यांतून होत असे, आणि बँकॉकचा जानेवारीतला मेळावा त्यात नावाजलेला. खाली हॉलमध्ये प्रत्येक शाळेचं टेबल, टेबलापुढे शिक्षकांची रांग, आणि पसंत पडलात तर मुख्याध्यापकांच्या खोलीत मुलाखत. पलंगाच्या कडेला बसून शिक्षणविषयक तत्त्वज्ञान सांगायचं. आता बहुतेक झूमवर होतं, पण बाज तोच, कांदेपोह्यांचा. मुलगी काय शिकलीय यापेक्षा घरात किती माणसं आहेत याची चौकशी जास्त. सगळ्यांत भाव असतो 'टीचिंग कपल'ला, म्हणजे नवराबायको दोघं शिक्षक आणि पदरात मूल नाही. एका फ्लॅटच्या भाड्यात दोन मास्तर आणि फीमाफी द्यायला कुणीच नाही. नवरा शिक्षक नसेल तर त्याला 'ट्रेलिंग स्पाउस' म्हणतात, फरपटत येणारा जोडीदार. आमचे हे सहकारी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. आयुष्यभर लोकांची कर्जं मंजूर केलेल्या माणसाच्या व्हिसाच्या कागदावर 'डिपेंडंट' असं आलं. तो कागद त्यांनी बराच वेळ हातात धरला आणि मग म्हणाले, "जामीनदार तरी लिहायला हवं होतं."

जाहिराती वाचाव्यात तर त्यांत एक गंमत असते. वर 'आम्ही सर्व संस्कृतींचा आदर करतो', खाली बारीक अक्षरांत पासपोर्टांची यादी : ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कधी मनात आलं तर दक्षिण आफ्रिका. इंग्रजी जन्मजात हवं. इंग्रजांनी आमच्याकडून तर्खडकर घोकून घेतलं त्याचं खातं कुणी उघडूनही बघत नाही. गणित, फिजिक्स आणि कॉम्प्युटर या खिडक्या मात्र आमच्यासाठी किलकिल्या ठेवलेल्या असतात. भारतीय म्हटलं की गणित येणारच, हा गैरसमज जगभर आहे आणि तो दूर करायचं माझ्या मनात नाही.

मग कागद. पदवीच्या प्रमाणपत्रामागे आधी विद्यापीठाचा शिक्का, मग मंत्रालयाचा, मग परराष्ट्र खात्याचा, शेवटी वकिलातीचा. समोर मी फक्त पास झालेय. मागून बघणाऱ्याला मी तह केलाय असं वाटावं. तिथे पोचल्यावर शिक्षक परिषदेचा परवाना. तिचं नाव 'खुरुसफा'. नीट कान दिला तर ही आपलीच गुरुसभा आहे, पण फॉर्म गुरूंना शोभतील इतके साधे नाहीत. थाई कागदांवर साल बुद्धाचं असतं, आपल्या इसवी सनात 543 मिळवायचे. त्यामुळे माझी नोकरी 2567 साली सुरू झाली. वर्क परमिटचा फोटो सासूबाईंना पाठवला तर त्या म्हणाल्या, "अजून पाचशे वर्षं आहेत की. मग आत्तापासून कशाला जाऊन बसलात?"

आता मुद्द्याचं. मराठी माणसाला समोरच्याची ओळख पटवायला दोनच हत्यारं दिलेली आहेत : आडनाव आणि मूळ गाव. आडनावावरून निम्मा माणूस कळतो, गावावरून उरलेला, आणि तरी काही राहिलंच तर "म्हणजे शिंद्यांच्या वाड्यापलीकडचे का?" यात निकाल लागतो. या हत्यारांच्या जोरावर आम्ही रेल्वेच्या डब्यात लग्नं जमवलीत. बँकॉकला पहिल्याच आठवड्यात दोन्ही माझ्या हातून काढून घेतली गेली.

आडनाव तर गेटवरच ठेवावं लागलं. शाळेत मी 'मिस' आणि पुढे पहिलं नाव. सासरचं एक आणि माहेरचं एक अशी दोन तालेवार आडनावं घेऊन गेलेली बाई मी. दोन्ही तशीच घडी घालून बॅगेत. थायलंडचा रिवाजच तो. पंतप्रधानांनासुद्धा पहिल्या नावाने ओळखतात, टेलिफोन डिरेक्टरीही पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेली असायची. आडनावं त्या देशात आली तीच मुळी 1913 मध्ये, राजा वजिरावुध यांच्या कायद्याने. आणि त्यात अट अशी की एक आडनाव एकाच घराण्याचं. दुसऱ्याने ते घ्यायचं नाही. राजाने स्वतः बसून हजारो घराण्यांना आडनावं दिली. सोपी संपली तशी लांबत गेली. आज हजेरीपटावर एकेक आडनाव रेल्वे टाइमटेबलमधल्या स्टेशनांच्या यादीएवढं असतं. मनात आलं, हाच कायदा महाराष्ट्रात लागू झाला असता तर? पाटील एकच. तो एक कोण, हे ठरेपर्यंत स्वातंत्र्य मिळून गेलं असतं. जोश्यांनी अर्थात कायद्यातच खोट काढली असती.

बरं, ती लांबलचक नावंही कुणी घेत नाही. प्रत्येक थाई मुलाला एक टोपणनाव असतं आणि ते मनावर घेऊन ठेवलेलं असतं. माझ्या वर्गात बँक होता, गोल्फ होता, आईस आणि मिंट या मुली होत्या, आणि एक बेन्झ होता जो बसने यायचा. "बँक, गोल्फला त्रास देऊ नकोस, आईसकडे बघ," हे वाक्य मी पूर्ण गांभीर्याने उच्चारलेलं आहे. आमच्या ह्यांना बँकेबद्दल विशेष जिव्हाळा, घरी आले की विचारणार, "आज बँकेने काय केलं?" ऑफिसातल्या एका थाई बाईंनी मला समजावलं की पूर्वी टोपणनावं मुद्दाम वेडीवाकडी ठेवायचे, भुताखेतांना मूल आवडू नये म्हणून. मी त्यांना दगडू, धोंडू आणि केरबा ही मंडळी सांगितली. त्या दिवसापासून माझी झेरॉक्स कधी रांगेत थांबली नाही.

राहिलं मूळ गाव. पाचवीच्या वर्गात ओळखीचा तास होता. एका गोऱ्यागोमट्या, काळ्याभोर केसांच्या मुलाला मी सवयीने विचारलं, "तू मूळचा कुठला?" त्याने मला प्रतिप्रश्न केला, "उन्हाळ्यात की ख्रिसमसला?"

वडील बेल्जियमचे, आई जपानची, जन्म नैरोबीचा, बालवाडी जकार्ताची. उन्हाळ्यात तो ओसाकाचा असे आणि ख्रिसमसला गेन्टचा. मधले दहा महिने तो सुखुमवित रस्त्यावरच्या एका इमारतीच्या एकविसाव्या मजल्याचा होता. शेजारच्या मुलीने, "मी अजून ठरवलं नाही," असं उत्तर दिलं. तिसऱ्याने वडिलांच्या कंपनीचं नाव सांगितलं. यात कुणाला काही उणं वाटत होतं असंही नाही. उणं मलाच वाटत होतं. या मुलांना समाजशास्त्रात 'थर्ड कल्चर किड' म्हणतात. ही संकल्पना मांडणाऱ्या रूथ हिल यूसीम या अमेरिकन बाईंनी तिचा पाया घातला तो 1950 च्या दशकात, भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करून. भारतात आल्यावर त्यांनाही रोज दहा जणांनी "तुम्ही कुठल्या?" म्हणून विचारलं असणार. त्याशिवाय इतका मूलभूत विषय सुचत नाही.

त्यात आयबीच्या प्राथमिक अभ्यासक्रमातला पहिलाच विषय 'आपण कोण आहोत' आणि त्याला लागून दुसरा, 'स्थळकाळात आपण कुठे आहोत'. आमच्याकडे या प्रश्नांना माणसं साठीनंतर, आळंदीला वगैरे जाऊन हात घालतात. इथे सहा आठवड्यांत संपवून तक्ता भिंतीवर लावायचा असतो. नियोजनाच्या बैठकीत मी विचारलं की यात गणित कुठे बसवू? मुख्य समन्वयक प्रसन्नपणे म्हणाल्या, "सगळीकडे!" या शाळांत उत्तर ठाऊक नसेल तर प्रसन्नपणे द्यायचं असतं, हे मी तिथे शिकले.

गणित ही जगाची भाषा आहे असं ज्यांनी म्हटलंय, त्यांनी निरनिराळ्या देशांतून आलेल्या मुलांना एकत्र भागाकार घालून पाहावा. जर्मन शाळेतून आलेला मुलगा साडेतीन लिहिताना तीनपुढे टिंबाऐवजी स्वल्पविराम देतो. फ्रान्सहून आलेली मुलगी भाजक उजवीकडे मांडते, त्यामुळे तिचा भागाकार मला आरशात बघावा लागतो. मी फळ्यावर सवयीने 1,00,000 लिहिलं तर अख्खा वर्ग कळवळला, "मिस, तुमचा स्वल्पविराम घसरलाय." लाख हा आकडा आपल्या उपखंडाबाहेर पडताच पोरका होतो. पण खरी मजा पाढ्यांची. पाढे हा शब्द या शाळेत हलक्या आवाजात उच्चारतात. मुलांनी पाठ करायचं नाही, शोधायचं. सात आठे छप्पन हे कोलंबसाने अमेरिका शोधावी तसं रोज नव्याने शोधायचं, आणि त्याच्यासारखंच भलतीकडे पोचलं तरी कौतुक करायचं.

पालकसभेत त्या ओसाका-गेन्टवाल्या मुलाची आई आली. मुलाच्या गणितातल्या 'जिज्ञासू वृत्ती'बद्दल मी छापील वाक्यं म्हटली, त्यांनी मान डोलावली. मग इकडेतिकडे बघून त्या खालच्या आवाजात म्हणाल्या की, राग मानू नका, पण मी रोज रात्री त्याच्याकडून 'कुकू' म्हणून घेते. कुकू म्हणजे जपानी पाढे, नऊ नव्वे एक्याऐंशीपर्यंत. तिथे दुसरीतच सुरात पाठ करून घेतात. "नी निन् गा शी," त्यांनी म्हणून दाखवलं. मी दार लोटलं आणि म्हटलं, "बे दुणे चार." त्यांनी तीनचा पाढा काढला, मी तीनचा काढला. चाल इतकी सारखी की एकमेकींत अडकायला होईना. मग मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे तीसपर्यंत म्हणतात आणि आमच्या आजोबांना पावकी-निमकीसुद्धा यायची. त्यांनी उठून मला कमरेत वाकून नमस्कार केला. तो मला नव्हता, निमकीला होता, पण मी घेतला.

भारतीय पालकांचं वेगळंच. वर्षाची भरभक्कम फी भरून मुलाला ताणमुक्त शिक्षण द्यायचं आणि मग मला कोपऱ्यात गाठून, "मॅडम, होमवर्क का नाही?" म्हणून विचारायचं. प्रगतिपुस्तकात गुण नसतात. 'उमलतंय', 'विकसतंय' अशी फुलबागेतली भाषा असते. एका वडिलांनी ते तीनदा वाचून विचारलं, "पण पहिला कोण?" आणि त्यांच्या मुलाच्या वर्गभिंतीवर आयबीने आदर्श विद्यार्थ्याची दहा लक्षणं लावलेली, त्यात 'जोखीम घेणारा' हे एक. घरात एलआयसी, पीपीएफ आणि मुदत ठेव यांच्याबाहेर पाऊल न टाकलेल्या आम्हा दोघांनी ते लक्षण मुलांत कसं रुजवायचं, हा प्रश्न मी ह्यांना विचारला. ते म्हणाले, "रस्ता ओलांडून दाखव. इथे तेवढं पुरे."

ह्यांचं तिथे बरं चाललं होतं. डिपेंडंट म्हणून नोकरी करायला बंदी, त्यामुळे सकाळपासून मोकळे. महिनाभरात भाजीवालीशी थाई बोलायला लागले. मला थाई येत नाही, त्यामुळे ते बरोबर बोलतात की नाही कळायला मार्ग नाही. कढीपत्ता मात्र घरी यायचा. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला 'मी अजून त्याच पत्त्यावर राहतो' असं कळवावं लागतं, उशीर झाला तर 2,000 बाट दंड. परदेशी माणूस नक्की कुठला, याची त्या खात्याला मुळीच पडलेली नाही, तो आत्ता कुठे आहे एवढंच हवं. हे मोठ्या हौसेने ते काम करत. बँकेत चाळीस माणसं हाताखाली असताना कुणी इतक्या नियमाने चौकशी केली नव्हती, असं म्हणत.

फेब्रुवारीत 'इंटरनॅशनल डे' आला. त्या दिवशी प्रत्येकाने राष्ट्रीय पोशाख घालून आपल्या देशाच्या झेंड्याखाली मिरवणुकीत चालायचं. दहा महिने ज्या मुलांना आपण सगळे एकच आहोत हे शिकवायचं, त्यांना एक दिवस रांगा करून वेगळं उभं करायचं. गोंधळ अपेक्षेबाहेर झाला. ओसाका-गेन्टवाला पठ्ठ्या आधी बेल्जियमबरोबर एक फेरी मारून आला, मग किमोनो चढवून जपानबरोबर निघाला, आणि केनियाच्या झेंड्याखाली कुणीच नाही हे बघून तिसरी फेरी त्यांच्यातर्फे मारली. आमचे वेल्सचे इतिहासाचे सर ब्रिटनच्या झेंड्याखाली उभे राहीनात. ड्रॅगनचा झेंडा नाही तर मी नाही, म्हणून ते कॅन्टीनमध्ये रुसून बसले. भारताच्या गटात खाद्यपदार्थांवरून चार प्रांतांची बोलणी फिसकटली होती. शेवटी समोसा ठरला, कारण तो कुणाचाच नव्हता. मी वडापाव सुचवला तेव्हा एका दिल्लीच्या बाईंनी "तो तर बर्गरच ना?" म्हणून विचारलं. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला घटनेने मला मुभा दिलेली नाही.

नऊवारी नेसले होते. इस्त्री केलेला काष्टा, नाकात नथ, केसांत गजरा. मैदानात आले तर व्यवस्था बघणाऱ्या मुलाने मला हाताला धरून थेट थायलंडच्या रांगेत नेऊन उभं केलं. मी विरोध करायला तोंड उघडलं आणि समोर पाहिलं. ऑफिसातल्या त्याच बाई, दगडू-धोंडूवाल्या, चोंग क्राबेन नेसून उभ्या. चोंग क्राबेन म्हणजे त्यांचं पारंपरिक वस्त्र : कमरेला गुंडाळायचं, टोक पायांमधून मागे घ्यायचं आणि मागे खोचायचं. पाठमोऱ्या आम्ही दोघी एकाच वाड्यातल्या जावा दिसत होतो. बाईंनी माझा काष्टा मागून पाहिला, मी त्यांचा पाहिला. त्यांनी माझ्या निऱ्या किंचित ओढून सारख्या केल्या आणि "चांगला आहे, पण सैल आहे," असं इंग्रजीत म्हणाल्या. माझ्या सासूबाई हेच म्हणतात, मराठीत. मी थायलंडतर्फे चालले. बँक आणि गोल्फने टाळ्या वाजवल्या. भारताचा गट समोशापाशी होता, त्यांना कळलंही नाही.

जूनमध्ये एका गुरुवारी 'वाय ख्रू' झाला, गुरुवंदनेचा सोहळा. मुलं गुडघ्यांवर पुढे सरकत आली आणि प्रत्येक शिक्षकापुढे तबक ठेवलं. त्यात एक्झोराची टोकदार फुलं होती, वांग्याची फुलं होती आणि गवताची जुडी. बाजूचे कॅनडाचे सर कौतुकाने म्हणाले, "किती साधं, लॉनवरचं गवत!" मी जुडी उचलून पाती मोजायला लागले. दूर्वा होत्या. एकवीस नव्हत्या, पण आपल्या गणपतीचे नियम त्यांना ठाऊक नाहीत, त्यामुळे चालवून घेतलं.

लगेच तो महिना संपतो, आणि शाळेचं वर्षही. या नोकऱ्या दोन-दोन वर्षांच्या करारावर चालतात. पुढच्या वर्षी राहणार का, हे दिवाळीच्या सुमारास लेखी विचारतात, आणि जूनमध्ये निम्मी स्टाफरूम मिठ्या मारत असते. कुणी कझाकस्तानला, कुणी पेरूला. जाणारे घरातलं सामान विकायला काढतात. लग्नात रुखवत मांडतात तसं सगळं बाहेर मांडलेलं. ह्यांनी त्यातून एक मिक्सर हेरला. विकणाऱ्या केरळच्या फिजिक्सच्या बाई होत्या. त्यांनी तो मस्कतमध्ये एका श्रीलंकेच्या जोडप्याकडून घेतला होता, त्या जोडप्याने दोह्यात एका तमिळ अकाउंटंटकडून. वायरीच्या टोकाला भारताची पिन, तिच्यावर ओमानचा चौकोनी अॅडाप्टर, त्याच्यावर थायलंडचा. ह्यांनी मिक्सर उलटा केला, चष्मा कपाळावर घेतला आणि तळाची पट्टी वाचली. "कोइमतूर," ते समाधानाने म्हणाले, "मूळचा कोइमतूरचा आहे." मग भाव करायलाही विसरले.

बाईंनी पैसे मोजून घेतले आणि दारातून हाक मारून सांगितलं, "चटणीच्या भांड्याचं झाकण दोह्यालाच राहिलंय हं. चालू असताना वर बशी दाबून धरायची."